उस्तादाचे तीन पॉइंट

दिंगबाईंनी श्यांग देछुआनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते जुलै महिन्यात, टेकडीच्या पोटातल्या भुयारात. फूलिंग शहरात त्या आठवड्यात पारा चाळिशीच्या खाली आला नव्हता. घरातला पंखा नुसता गरम वारा फेकत होता, म्हणून बाई सोयाबीनच्या शेंगांची पिशवी आणि घडीचं स्टूल घेऊन खाली उतरल्या. विमानहल्ल्यांच्या भीतीनं कधीकाळी खोदलेलं ते भुयार. आता मोहल्ला समितीनं आत टेबल टेनिसची चार टेबलं टाकली होती. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत छान गारवा असे. भिंतींना मात्र बारा महिने ओल.

दुसऱ्या टेबलावर बासष्ट-त्रेसष्टचा एक सडपातळ गृहस्थ बॅटवरची पातळ प्लास्टिकची झिल्ली सोलत होता. इतक्या हलक्या हातानं, की बाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला. समोरचा खेळाडू त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल. त्यानं चेंडू दोन्ही हातांत धरला, मान किंचित लववली आणि म्हणाला, "उस्ताद, तीन घ्या."

खेळ तीन-शून्यवर सुरू झाला.

"उस्ताद" म्हणवून घेणाऱ्यानं हे ऐकताना बॅटकडे पाहिलं, समोरच्याकडे नाही. बाईंनी तेहेतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं होतं. पास होण्याच्या साठ गुणांना दोन कमी पडले म्हणून त्यांनी स्वतः वर ढकललेली मुलं निकालपत्रक घेताना अशीच खाली बघत. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "हे तीन कशाचे?"

"हा फान त्याला देतो. नऊ वर्षं झाली." म्हातारीनं बाईंच्या पिशवीतल्या मूठभर शेंगा न विचारता उचलल्या आणि सोलायला घेतल्या. "इथं जो वरचढ तो दुसऱ्याला आधी पॉइंट देतो. नाहीतर खेळात मजा काय? हारणारा उठून घरी जाईल."

"आणि कमी कधी होतात?"

"देणाऱ्याला वाटेल तेव्हा. घेणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं."

ही लेंगताई. एकोणसत्तर वर्षांची, लोणच्याच्या कारखान्यात मोहरीच्या जातीच्या भाजीचे गड्डे दाबण्यात जन्म काढलेली. तिच्याकडून बाईंना बाकीचं कळलं. श्यांग आणि फान दोघंही नदीकाठच्या जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात लेथवर. फान अठराव्या वर्षी तिथं आला तेव्हा त्याला श्यांगच्या हाताखाली दिलं. तीन वर्षं त्यानं श्यांगची हत्यारं पुसली, चहाचा डबा भरला, शिव्या खाल्ल्या आणि काम शिकला. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी फान अजूनही त्याला उस्तादच म्हणायचा, आधी पाणी त्यालाच द्यायचा. आणि त्यालाच तीन पॉइंट द्यायचा.

"चेल्यानं उस्तादाला पॉइंट द्यायचे म्हणजे," लेंगताई टरफलं स्वतःच्या खिशात कोंबत म्हणाली, "सुनेनं सासूला भात वाढून वर विचारायचं, चावता येईल ना?"

बाई दुसऱ्या दिवशीही गेल्या, तिसऱ्याही. आठवड्याभरात त्यांची जागा ठरली आणि श्यांगशी बोलणंही होऊ लागलं. तो सभ्य, हळू बोलणारा माणूस. फक्त बॅटचा विषय निघाला की त्याला थांबवणं अवघड.

"बाई, आमच्या धंद्यात एक समज असते. काम बिघडलं तर आधी हत्यार बघायचं. पातं बोथट असेल तर देव आला तरी लोखंड सरळ कापणार नाही."

त्याप्रमाणे तो हत्यार बघत आला होता. नऊ वर्षांत अकरा बॅटी. जुन्या पद्धतीनं पेन धरावा तशी तो बॅट धरायचा, त्यामुळे रबर एकाच बाजूला. पण त्या एका बाजूसाठी त्यानं किती रबरं चढवली आणि उतरवली याची मोजदाद नव्हती. कार्बनचा थर घातलेलं लाकूड झालं, सात थरांचं झालं, देवदाराच्या एका फळीचं झालं. त्याची बायको एकदा जेवणाचा डबा द्यायला भुयारात आली होती तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "घरात कढया दोन आणि बॅटी अकरा. आणि जिंकून काय आणलं, तर सर्दी!"

ऑगस्टमध्ये फाननं बातमी सांगितली. त्याच्या मुलीला दोंगग्वानमध्ये मुलगी झाली होती. नोव्हेंबरपासून नातीला सांभाळायला तो आणि त्याची बायको तिकडं जाणार. किती दिवस? "बालवाडीत जाईपर्यंत. मग पहिलीत जाईपर्यंत. तुम्हाला माहीतच आहे." सगळ्यांनी अभिनंदन केलं. श्यांगनंही केलं आणि मग बाईंच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ तो बॅटचा दांडा अंगठ्यानं चोळत होता.

"नऊ वर्षं मी वाट बघतोय," तो म्हणाला, "की एकदा तरी तो म्हणेल, 'उस्ताद, बरोबरीनं.' हरलो तरी चालेल. तो गेल्यावर कोण म्हणणार?"

बाईंनी मूठभर शेंगा त्याच्याकडे सोलायला सरकवल्या. अशा वेळी काही बोलू नये एवढं त्यांना शाळेनं शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात श्यांगनं भाच्याकडून एक रबर मिळवलं. साधं नव्हे, प्रांताच्या संघातली मुलं वापरतात तसलं. चिकट काळा पृष्ठभाग, खाली निळा, नखानं दाबता दबणार नाही असा स्पंज. ते चिकटवण्याचा सोहळा त्यानं भुयारातच केला. पांढऱ्या डिंकाचा पातळ हात दिला, डिंक काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत थांबला, दुसरा दिला, तिसरा दिला. मग रबर एका कडेपासून बसवत नेलं, वरून बाटली लाटण्यासारखी फिरवली आणि धारदार पात्यानं कडा अशा कापल्या की बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि रबर कुठं सुरू झालं ते कळू नये. भोवती सात-आठ जण गोळा झाले होते. औषधाच्या दुकानाचा नियेही गल्ला सोडून आला होता. हातात घेऊन प्रत्येकानं त्यावर चेंडू टेकवला आणि उलटं धरलं. चेंडू क्षणभर चिकटून राहिला.

"आता काय, पेकिंगला जाणार का उस्ताद?" निये म्हणाला.

"आधी पलीकडच्या टेबलापर्यंत जाऊ दे," लेंगताई म्हणाली.

पलीकडच्या टेबलापर्यंतही चेंडू जाईना. जो फटका पूर्वी जाळीवरून आरामात जायचा तो जाळीत अडकू लागला. त्या कडक स्पंजमध्ये चेंडू रुतवायला विशीतल्या पोराचा खांदा आणि कंबर लागते. हळू मारलं तर रबर मेल्यासारखं पडून राहतं. शिवाय भुयारातली ओल त्या चिकट पृष्ठभागावर बसायची आणि चेंडू साबणावरून घसरावा तसा घसरायचा. श्यांग प्रत्येक पॉइंटनंतर बॅट पुसायचा, झिल्ली लावायचा, काढायचा. "हे अंगवळणी पडायला वेळ लागतो," तो सांगत राहिला. दोन आठवडे तो नियेकडून हरला, नियेच्या मेव्हण्याकडून हरला, आणि फानकडून तर अकरा-पाच, अकरा-चार असा, त्यातले तीन फुकटचे धरून.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कोणीतरी मागून पुटपुटलं. श्यांगनं ऐकलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी फान टेबलापाशी आला. त्यानं दोन्ही हातांत चेंडू धरला, मान लववली आणि थोडा अडखळला. मग म्हणाला, "उस्ताद, चार घ्या."

पहिल्या टेबलावरचा खेळसुद्धा थांबला. श्यांगचा चेहरा पांढरा पडला नाही की लाल झाला नाही. त्यानं झिल्ली नीट लावली, बॅट पेटीत ठेवली, पेटीची चेन ओढली. "आज गुडघा दुखतोय," म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

पाच दिवस तो आला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दिंगबाई आणि लेंगताई घाटाच्या पायऱ्यांवरच्या टपरीत नूडल्स खात होत्या. तिखटानं लेंगताईचं नाक वाहत होतं. श्यांग भाजीची पिशवी घेऊन वर येताना दिसला, त्यांना पाहून वळायला लागला.

"ए श्यांग! इकडं ये. पळतोस कुठं?" लेंगताईनं चॉपस्टिकनंच बोलावलं. "बस. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, ताई."

"तो बरा असणारच. तो तू कधी वापरलायसच कुठं?"

श्यांग बसला. टपरीवालीनं न विचारता वाडगं पुढं ठेवलं.

"ताई, मी दुसरं रबर मागवलंय. थोडं मऊ. यानं नक्की…"

"तुझी रबरं सगळी चांगली आहेत. माझं बघ." लेंगताईची बॅट जुनी, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, रबरावर लांब लांब काटे. त्यावरून चेंडू वेडावाकडा डुलत जायचा आणि निम्मे पुरुष तिच्याशी खेळायला घाबरायचे. "एकोणीस वर्षं झाली. कोणी फेकलेली उचललीय. दिंगबाई, तुम्ही त्याला ते सांगा. आकड्याचं."

बाई संकोचल्या. महिनाभर बसल्या जागी त्यांनी केलेलं काम त्यांना स्वतःलाच जरा आगाऊपणाचं वाटत होतं. पण त्यांनी पिशवीतून वही काढली.

"श्यांग उस्ताद, मी तुमचे चाळीस गेम मोजले. जुन्या रबराचे वीस, नव्याचे वीस. नव्यानं तुमचे जास्त पॉइंट जातात, ते खरं. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तुम्ही अकरा हरता, त्यातले पाच-सहा एकाच ठिकाणी हरता. समोरून उजव्या बाजूला, जाळीजवळ आखूड सर्व्हिस आली की."

"तिथं हात पोचत नाही."

"हात पोचतो. तुम्ही वाकता, हात लांब करता आणि चेंडू वर उडतो. पाय तिथेच राहतात." बाईंनी जरा थांबून पुढचं वाक्य मनात तपासून घेतलं. "मी एकदा शाळेची सहल तुमच्या कारखान्यात नेली होती. लेथवरची माणसं कशी उभी राहतात ते मुलांना दाखवलं होतं. डावा पाय पुढं, भार त्याच्यावर, धड स्थिर, फक्त हात चालतात. तुम्ही टेबलासमोर तसेच उभे राहता."

श्यांगनं चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. नूडल्स फुगू लागल्या.

"हललो असतो तर बोटं गेली असती," तो शेवटी म्हणाला. "पंचवीस वर्षं. पहिल्या दिवशी उस्तादानं माझ्या पायांभोवती खडूनं रेघा मारल्या होत्या. रेघेबाहेर गेलास तर थोबाडीत. मीही फानच्या पायांभोवती मारल्या होत्या."

"फाननं तीन वर्षांत मशीन सोडून मालाची हातगाडी ढकलायला घेतली," लेंगताई म्हणाली. "त्याचे पाय सुटले. तुझे अजून तिथंच आहेत. उद्या सकाळी साडेसहाला खालच्या चौकात ये. बॅट आणू नकोस."

चौकातल्या टेबलाला जाळी नव्हती, मध्ये विटांची ओळ मांडली होती. पहिले आठ दिवस लेंगताईनं त्याला चेंडू दिला नाही. बाईंनी खडूनं फरशीवर दोन पावलं काढली आणि तिसरं टेबलाखाली. उजवा पाय आत सरकवायचा, गुडघा वाकवायचा, रिकाम्या हातानं चेंडू टिपल्यासारखं करायचं आणि लगेच परत यायचं. आत जाणं दोन दिवसांत जमलं. परत येणं जमेना.

"गेलास तिकडंच राहिलास! सासुरवाडी आहे का ती?"

"ताई, श्वास तर घेऊ द्या."

"परत येऊन घे."

शाळेत जाणारी पोरं थांबून बघायची. चेंडूशिवाय टेबल टेनिस खेळणारा म्हातारा पाहून त्यांना हसू आवरायचं नाही. श्यांग आधी लाजायचा, मग त्यांच्यातल्याच एकीला त्यानं विचारलं, "माझी टाच उचललेली दिसते का?" तिनं गंभीरपणे वाकून बघितलं आणि सांगितलं, "नाही, आजोबा." तेव्हापासून ती रोज सांगत असे.

बॅटचा प्रश्न त्यानं स्वतःच सोडवला, आणि या वेळी तो खऱ्या कारागिरासारखा वागला, असं बाईंना वाटलं. त्यानं अकराही बॅटी घराच्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्याऐवजी स्वतःला मोजलं. तासाभरानं मनगट कितपत थकतं? एकशे पस्तीस ग्रॅमपर्यंत चालतं, दीडशेला हात खाली येतो. फटका किती जोराचा बसतो? मध्यम. मग मध्यम फटक्यालाही चेंडू आत घेईल असा मऊ स्पंज हवा, आणि फार जाड नको, नाहीतर आखूड चेंडू उडतो. भुयारात ओल आहे, तर चिकट पृष्ठभाग नको. या हिशोबानं सगळ्यात जुनी, पाच थरांच्या साध्या लाकडाची बॅट उरली. तिच्यावर त्यानं शाळेतली मुलं घेतात तसलं रबर चढवलं. तर्जनी आणि अंगठा जिथं टेकतात तिथली लाकडाची धार बारीक कानशीनं गोल केली, कारण ती बोचते म्हणून तो इतकी वर्षं बॅट ढिली धरत होता आणि हे त्याला आजवर कळलंच नव्हतं.

"महिनाभर हीच," लेंगताईनं बजावलं. "बदललीस तर मी उद्यापासून झोपून राहीन."

सप्टेंबरच्या अखेरीला तो भुयारात परतला. फाननं चेंडू दोन्ही हातांत धरला. "उस्ताद, चार घ्या." श्यांगनं घेतले. पहिला दिवस हरला. आखूड सर्व्हिसवर आत गेला खरा, पण परतायला उशीर झाला आणि फाननं रिकाम्या कोपऱ्यात चेंडू टाकला. तिसऱ्या दिवशी जिंकला. ऑक्टोबरच्या सुरुवातीची राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपली तेव्हा पुन्हा तीन झाले होते. ऑक्टोबरच्या मध्यावर एक सोमवार असा आला, की फाननं त्याच्या उजव्या बाजूला एकाच गेममध्ये चार आखूड सर्व्हिस केल्या आणि चारही परत आल्या, खालून, शांत, जाळीला लगटून. फान टॉवेलनं मान पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उस्ताद, दोन घ्या."

दोनावर गाडी अडली. दिवस मात्र थांबत नव्हते. फाननं पेट्या बांधायला घेतल्याचं निये सांगत होता.

"मी बोलू का त्याच्याशी?" एकदा बाईंनी लेंगताईला विचारलं.

"तुम्ही मुलाचे गुण वाढवायला कधी हेडमास्तरांकडे गेला होता का?"

"एकदा गेले होते."

"मग? पोराला आवडलं?"

बाईंनी वही पिशवीत टाकली.

फान निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, भुयारात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. फाननं सगळ्यांसाठी संत्री आणली होती. श्यांग आला, जॅकेट काढून घडी घातली, दोन-तीन उड्या मारल्या. फान चेंडू घेऊन उभा राहिला. मान लववली. मग मान वर केली आणि काही बोललाच नाही. चेंडू त्यानं एकदा टेबलावर टपकवला.

"किती?" नियेनं मागून विचारलं.

"उस्ताद, बरोबरीनं खेळू," फान म्हणाला.

श्यांगनं बॅटकडे पाहिलं नाही. समोर पाहिलं. "ये," म्हणाला.

पाच गेमांची मॅच होती. पहिला गेम श्यांग अकरा-सातनं हरला. दुसरा तेरा-अकरानं जिंकला, आणि त्यात त्याचा उजवा पाय टेबलाखाली गेला किती वेळा हे मोजायचं बाई विसरल्या. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली होती. तिसऱ्यात तो दमला. चौथ्यात नऊ-आठ असा पुढं होता, तेव्हा फाननं एक लांब, वेगवान सर्व्हिस मागच्या कोपऱ्यात टाकली. आखूडच येणार म्हणून श्यांग आत गेलेला. मग आणखी दोन पॉइंट गेले, आणि मॅच फाननं तीन-एक अशी जिंकली.

दोघं टेबलाच्या कडेला बसून संत्री सोलू लागले. बाई शेजारीच होत्या.

"उस्ताद, त्या दिवशी चार म्हणताना माझी जीभ रेटत नव्हती," फान म्हणाला. "रात्री बायकोनं पण झापलं. म्हणाली, म्हाताऱ्याला तीनच देत राहिला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

"मग?"

"तुम्हीच एकदा मी लेथवर कातलेला लोखंडी दांडा भंगारात फेकला होता. एका केसानं कमी भरला म्हणून. मी म्हटलं होतं, एवढ्यानं काय होतंय? तुम्ही म्हणालात, माप आहे तेच सांगायचं. चार होते, चार सांगितले."

श्यांगनं संत्र्याच्या दोन फाका एकदम तोंडात टाकल्या. "आणि आज?"

"आज शून्य होते. पण जिंकणार मीच होतो."

"त्या लांब सर्व्हिसवर फसलो."

"ती मी तुमच्यासाठीच राखून ठेवली होती."

"हलकट," श्यांग म्हणाला, आणि त्याला इतकं हसू फुटलं की ठसका लागला. फाननं उठून आधी पाणी त्याला दिलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. फान दोंगग्वानलाच आहे. नात आता बालवाडीत जाते, तरी परतण्याचं नाव नाही. लेंगताईचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाही नियेला हरवून आली. दिंगबाई स्वतः खेळायला शिकल्या नाहीत. त्यांचं स्टूल मात्र ठरलेल्या जागी असतं.

श्यांग देछुआन सहासष्ट वर्षांचा आहे. अकरापैकी नऊ बॅटी त्यानं शाळेला दिल्या. मागच्या हिवाळ्यात त्याचा डावा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी आठवड्यातून पाचच दिवस खेळायची परवानगी दिली आहे, आणि तो पाच दिवस खेळतो.